सुट्या पेशींचा संसार

कोडोली, डिसेंबर १९९८

तीर्थरूप तात्यासोमामा,

दीपाचा जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार. चंदगडचा पाऊस एकदाचा थांबला असेल, तर तुमची गुडघेदुखीही थांबली असेल असं धरून चालते.

हे स्थळ आणताना तुम्ही ह्या घरी सांगितलं होतं की पोरगी शिकलेली आहे, पण तोंड आवरून असते. त्यातलं पहिलं अजून खरं आहे. परवा पंगतीत सासऱ्यांनी, म्हणजे अण्णासोंनी, विचारलं की तू रोज एस.टी.नं कोल्हापूरला जाऊन विद्यापीठात करतेस तरी काय. (हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, म्हणून माझा तोल गेला.) मी भात बाजूला सारून समजावलं, की उंदराच्या मूत्रपिंडावर एक एवढीशी ग्रंथी बसलेली असते. मेंदूखालच्या ग्रंथीकडून तिला संप्रेरक येतं, म्हणजे हुकूमच म्हणा. तो थांबला की तिच्यातल्या पेशी आपण होऊन मरायला लागतात. (उंदीर कोण मारतं, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही.) इथवर अण्णासो खुशीत होते. पण मी शहाणी पुढं बोलले, की दाटीवाटीनं एकत्र बसलेल्या पेशी अशा मरतात, त्याच सुट्या करून काचेच्या बशीत पसरल्या तर हुकमावाचूनही मजेत जगतात.

सासूबाईंनी आमटीची पळी खाली ठेवली. "वेगळं ऱ्हायाचं हाय, तर सरळ सांगायचं की. उंदराला कशाला मधी घालतीस?"

मी नाही नाही म्हणत राहिले. आमच्या ह्यांनी माझी बाजू घ्यायच्या ऐवजी आमटी मागून घेतली. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत आणि मला फार वाईट वाटतंय, मामा. लग्नानंतर सुनेला शिकू देणारी माणसं ही, आणि मी त्यांनाच दुखावलं. तुम्ही रविवारी येऊन त्यांची समजूत काढा. तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत.

तुमची भाची,
दीपा

ता. क. रागाच्या भरात अण्णासोंनी विद्यापीठाजवळ दोन खोल्या बघून ठेवल्यात. उजेड चांगला आहे म्हणे. तिथं राहिले तर प्रबंध उन्हाळ्याच्या आत पुरा होईल.

ता. क. २ तेव्हा समजूत सासूबाईंचा राग जाईपर्यंतच काढा. खोल्या रद्द होतील इतकी काढू नका.