यादीतला तिसरा तोटा

अहो,

मी सकाळच्या पाळीला निघाले. जेवण झाकून ठेवलंय.

फ्रिजवर चिकटवलेली तुमची मोटारसायकलची यादी वाचली. फायदे अकरा आणि तोटे दोनच: पेट्रोल आणि माझा स्वभाव! काल कामावरून येताना मी मुद्दाम शोरूममध्ये डोकावले. गाडी देखणी आहे, खोटं कशाला बोलू? मागची सीटही ऐसपैस आहे. म्हटलं, या वयात थोडं मिरवलं तर कुणाचं काय जातंय? पण मग डाव्या हाताचा क्लच दाबून पाहिला, तर केवढा घट्ट! दोनशे किलोचं ते धूड, आणि ऐन वळणावर तुमच्या डाव्या हातानं दगा दिला तर?

यादीत तिसरा तोटा लिहायला पेन उचललं होतं, पण हात धजावला नाही. म्हणून इथे लिहिते. परवा त्या हातातून पिशवी निसटली, तेव्हा तुम्ही पिशवीवरच खेकसलात. तुम्ही डावखुरे, म्हणून गेले दोन महिने निघण्याआधी मी कॉफीच्या बरणीचं झाकण सैल करून ठेवते. तुम्हाला कळू नये म्हणून.

बरणी टेबलावर आहे. डाव्या हातानं उघडली, तर संध्याकाळी गाडी बघायला मीच तुमच्यासोबत येते. नाही उघडली, तर चिडचिड न करता पाच वाजता डॉक्टरांकडे या. नंबर लावलाय, मी दारातच उभी असेन.

आज झाकण सैल केलेलं नाही.