डेन्मार्कचं लोणी, खानदेशचा कापूस

२ डिसेंबर १९५७, धरणगाव

पाय जमिनीवर ठरत नाहीत! साहेब तीन महिने डेन्मार्क पाहून आले, आज आमच्या सहकार खात्याच्या ऑफिसात तासभर तेच. तिथले शेतकरी मिळून एकाच नावानं लोणी विकतात. पण आधी एक माणूस प्रत्येकाचं दूध तपासतो. खराब निघालं तर परत — मग ते कुणाचं का असेना! "आपल्याकडे लोण्याच्या जागी कापूस," साहेब म्हणाले. "दोन गावांत करून दाखवा. साधलं तर सरकार जिल्हाभर लागू करील. नाही तर फाइल बंद."

आणि ती दोन गावं माझी!!

९ डिसेंबर

दोन्ही गावांची सभा झाली. पितांबरनाना एकमतानं तपासनीस. सचोटीचा माणूस. अगदी डेन्मार्क!

२३ डिसेंबर

सत्यानाश. व्यापाऱ्यानं दोन्ही गावांच्या एकत्र ढिगात हात घातला आणि सगळा माल नाकारला. आत ओला, पिवळा पडलेला! वजन वाढावं म्हणून दुसऱ्या गावच्या भाईदासनं गाडाभर कापसावर पाणी मारलं होतं, आणि नानांनी ते दिसत असून घेतलं. का? तर भाईदास त्यांचा जावई!

"जावईनं गाडं परत धाडू? मनी पोरना सासरमा काय हाल व्हतीन!" नाना म्हणाले.

मी चिडून डेन्मार्क ऐकवलं. नानांच्या पत्नी सुगंधाबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "भाऊ, तुमना त्या डेन्मार्कमा जावई नही ऱ्हातस का?" कप्पाळ!

२६ डिसेंबर

साहेबांचा निरोप — आणखी एकच ढीग विकून पाहा, मग फाइल बंद. मी रडकुंडीला. सुगंधाबाई मात्र हसतायत. "मंग जावईलेच बसाडा ना तपासाले! त्याले कोन काय बोली?"

अरेच्चा!

१४ जानेवारी १९५८

भाईदास खुर्चीत, फेटा बांधून. पहिलंच गाडं सासऱ्याचं! नानांनी पाणी मारलं नव्हतं, पण कापूस दवात वेचलेला. भाईदासनं कोपरापर्यंत हात घातला.

"मामा, हाऊ वल्ला शे. सुकाडी आना."

नानांनी मान खाली घातली आणि मुकाट्यानं बैल वळवले. जावयाला उलटून कोण बोलणार! ते पाहून मागची चार गाडी आपणहून वळली. आणि भाईदासचा स्वतःचा कापूस? खडखडीत वाळलेला! सासऱ्याचं परत धाडून स्वतःचं ओलं आणायला तोंड कुठलं?

२ फेब्रुवारी

विकला! जळगावच्या बाजारात वरचा भाव!! साहेबांना सगळं कळवलं, जावयासकट.

१९ मार्च

मुंबईहून हुकूम आला. जिल्हाभर लागू! कलम चौथे — 'तपासनीस शक्यतो गावचा जावई असावा.' आणि खाली — 'डेन्मार्कच्या धर्तीवर.'

सुगंधाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी समाधानानं मान डोलावली.

"देखा! तठेबी जावई शेतसच."