आत्मिक वाढ

२० नोव्हेंबर

पोचलो. साकोलीहून एकोडी, एकोडीहून पाच किलोमीटर आत, त्यातला शेवटचा टप्पा धानाच्या भाऱ्यांवर बसून ट्रॅक्टरने. मन प्रसन्न आहे. मला अगदी मागासलेलं गाव मिळावं अशी मी प्रार्थना केली होती आणि प्रभूने ती जरा जास्तच मनावर घेतली आहे. गावात एक दुकान, एक शाळा, आणि जिकडे बघावं तिकडे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी असलेली माणसं.

मिशनने ही वही दिली आहे. रोज लिहायचं की आज कोणती परीक्षा आली आणि तिच्यातून कोणती आत्मिक वाढ झाली. सहा महिन्यांनी वही बोर्डापुढे जाईल आणि पाळकपदाची दीक्षा मला द्यायची की नाही ते ठरेल. माझ्याआधी इथे चंद्रकुमार नावाचा एक सुवार्तिक होता. त्याची वही अकराव्या पानावर संपली आणि तो 'पुरे' म्हणून घरी गेला. बोर्डातले लोक अजून हसतात. मीही पोटभर हसलो.

तृप्ती जवाहरनगरला तिच्या भावाच्या क्वार्टरमध्ये आहे. लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस राहिलेत, पाचवा महिना चालू आहे. घर लावून झालं की नाताळाच्या आत तिला आणायचं. ती आणि ते येणारं मूल सोडलं तर या जगात मला गमावण्यासारखं काही नाही.

२१ नोव्हेंबर

घर बरं आहे. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि मागच्या दाराबाहेर थेट बोडीची पाळ. गावतळ्याला हे लोक बोडी म्हणतात आणि त्याच्या बांधाला पाळ. पाणी काळं आणि गप्प. सकाळी पाळीवर उभं राहून बोललं की आवाज पलीकडच्या शेतापर्यंत जातो. प्रवचनाला याहून चांगली जागा नाही, फक्त श्रोते जरा बऱ्या बुद्धीचे हवे होते.

सगळे मला 'फादरजी' म्हणतात. मी फादर नाही, आमच्यात फादर नसतात, हे मी दिवसभरात नऊ जणांना समजावलं. नवव्याने मान डोलावून विचारलं, "मंग फादरजी, जेवले का?"

२३ नोव्हेंबर

शेजारच्या उषाबाई दोन्ही वेळचं जेवण देतात. भाताचा ढीग, त्यावर लाखोरीच्या डाळीचं वरण, आणि हात धुऊन मागे लागणं. बाई साठीच्या आहेत, मनाने चांगल्या, डोक्याने यथातथा.

त्यांच्या मराठीची मात्र मला कीव येते. पानात भात घालताना त्या 'देऊ का जी' म्हणतात. मी म्हटलं, बाई, भिकाऱ्याला देतात, पाहुण्याला वाढतात. 'वाढू का' म्हणावं. त्यांनी पदर तोंडावर घेतला. मग माझ्या लक्षात आलं की तो शब्द इथे कोणीच उच्चारत नाही. आमच्या नगरकडे नारळ वाढवतात, बांगडी वाढते. फुटणं-तुटणं असलं अभद्र तोंडातून काढत नाहीत. इथे नारळ सरळ फोडतात आणि बांगडी फुटते. इथे पोरंसुद्धा वाढत नाहीत, 'मोठी' होतात.

खोदून विचारल्यावर उषाबाईंनी सांगितलं की बोडीत ती आहे. कोण, ते सांगेनात. "तिले मांगन्याचा तेवढा एकच शबद समजते जी. मंग अर्थ कोनता घ्याचा, ते तीच ठरवते." मी मोठ्याने हसलो. शिकवायला किती वाव आहे या गावात.

२५ नोव्हेंबर

आजपासून पहाटेची प्रार्थना पाळीवर. ती मी स्वतः रचलेली आहे आणि तृप्तीलाही पाठ करायला लावली आहे: प्रभू, मला परीक्षेत घाल आणि वाढव. मला वाढव, माझ्या घराला वाढव. शब्द साधे, पण म्हणायला लागलो की अंगावर काटा येतो. मी ती तीनदा म्हटली, खणखणीत आवाजात, मुद्दाम.

बोडीचं पाणी शेतांना सोडणारा नत्थू नावाचा म्हातारा खाली उभा होता. तो धावत वर आला. धाप लागली होती, तरी हात जोडून म्हणाला, "मांगू नोका जी. आपल्यासाठी मांगलं, ते एक वेळ चालते. घरासाठी काहून मांगून राहिले?" मी त्याला मूर्तिपूजेवर दहा मिनिटं ऐकवलं.

त्याच वेळी पाण्याकडून आवाज आला. भांड्याच्या काठावर पळी आपटली की होतो तसा, तीनदा. कोणीतरी भांडी घासत असणार. नत्थू मात्र प्रवचन अर्धं टाकून निघून गेला.

२७ नोव्हेंबर

परीक्षा: चष्म्याची डावी काच उभी तडकली. चष्मा डोळ्यांवरच होता, कुठे आपटला नव्हता. वाढ: संयम.

दुपारपर्यंत माठ, आरसा आणि दाढीचा मगही गेला. सगळ्यांना मधोमध एकच सरळ चीर. हवा कोरडी आहे. उषाबाईंना मी मुद्दाम सांगितलं की आज माझा माठ वाढला. त्या रडवेल्या झाल्या. मला मजा वाटली, ती लिहून ठेवतो, कारण वहीत खरं लिहायचं असतं.

१ डिसेंबर

परीक्षा: दाढ. भात खाताना दुभंगली. भातात खडा नव्हता. साकोलीचा दाताचा डॉक्टर बराच वेळ बघत राहिला, म्हणाला, लाकूड फोडल्यासारखी फुटलीय, अशी मी पाहिली नाही. तो तरी कुठे काय पाहणार, साकोलीत बसून.

वाढ: दुःख सोसण्याची शक्ती. बोर्डाला हे पान आवडेल.

पळीचा आवाज आता पाण्याकडून येत नाही, अंगणातून येतो. अंगणात भांडी नाहीत.

४ डिसेंबर

उषाबाई जेवणाचा डबा ठेवून लगेच गेल्या नाहीत, उंबऱ्यावर बसल्या आणि एकदाचं सगळं बोलल्या. पहिल्या फादरजींनीही ताटावर तो शब्द काढला होता. त्यांचंही असंच सुरू झालं. मग नत्थूने त्यांना पाळीवर नेलं, चार माणसांसमोर त्यांनी 'पुरे' म्हटलं आणि थांबलं. "वाढनाऱ्या बाईले कसं थांबवतो आपन? हात आडवा करून पुरे म्हनतो. तसंच आहे जी. पन ज्यानं मांगलं, त्यानंच तोंडानं म्हना लागते." नकळत तो शब्द त्यांच्या तोंडून गेला आणि त्यांनी स्वतःच्याच गालात मारून घेतलं.

म्हणजे बोर्डात आम्ही ज्या 'पुरे'वर हसलो ते हे. तळ्याला पुरे म्हणून पळालेला सुवार्तिक. मी संध्याकाळी त्याला फोन लावला, जरा गंमत करावी म्हणून. त्याने एकच विचारलं: स्वतःपुरतं मागितलंस की घराचं नाव घेतलंस? मी म्हटलं, घराचं. तो म्हणाला, आजच्या आज पाळीवर जा आणि पुरे म्हण. भित्रा माणूस.

७ डिसेंबर

परीक्षा: डाव्या हाताची दोन बोटं. वही उघडत होतो. कडकन आवाज झाला आणि बोटं भलतीकडेच वळली. साकोलीला गेलो, प्लास्टर घातलं. हाडं ठिसूळ झालीत, दूध घ्या, डॉक्टर म्हणाला.

वाढ: नंतर लिहीन.

९ डिसेंबर

तृप्तीचा फोन. सकाळी बसल्या बसल्या हातातल्या चारही बांगड्या वाढल्या म्हणाली, हसत हसत. मग म्हणाली, दुपारपासून पोटात कळ येते. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय.

मला भीती वाटली. बोर्ड वाचणार असेल तर वाचो.

पाळीवर गेलो. म्हणून टाकू एकदा, आपल्या बापाचं काय जातं. पण तिथे अख्खं गाव. धानाची मळणी उरकली होती, वीस-पंचवीस माणसं हातपाय धूत होती. मला बघून सगळी उभी राहिली आणि वाट सोडली. त्यांना ठाऊक होतं मी कशाला आलो ते. नत्थूने तर हात जोडले. त्या चेहऱ्यांसमोर, मला फादर म्हणणाऱ्या, लाखोरीची डाळ खाणाऱ्या त्या अडाण्यांसमोर मी एका डबक्याची माफी मागायची? दीक्षा होण्याआधीच?

मी परत फिरलो नाही. मी माझी प्रार्थना म्हटली. नेहमीपेक्षा मोठ्याने. मला वाढव, माझ्या घराला वाढव.

एक बाई रडायला लागली.

१० डिसेंबर

जबडा. प्रार्थना म्हणत असताना. दोन्ही बाजूंनी.

साकोलीहून भंडाऱ्याला पाठवलं. तारा बांधल्या आहेत. सहा आठवडे बोलायचं नाही.

१२ डिसेंबर

परत आलो. सगळे म्हणाले येऊ नका. पण दुसरीकडे राहून म्हटलेलं बोडीतल्या तिला ऐकू जाणार नाही. म्हणायचं तर इथेच. आणि म्हणता येत नाही. 'प'ला ओठ मिटतात, पुढे घशातून नुसती वाफ येते.

कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पाण्यात सोडलं. कागद तासभर तरंगला, मग किनाऱ्याला आला, मधोमध फाटलेला.

उषाबाई माझ्यासाठी दिवसभर पाळीवर बसल्या. पुरे वं माय, पुरे वं माय. त्यांचा आवाज बसला. काही झालं नाही. मागणारा मी.

या बाईच्या मराठीची मी कीव केली होती. लाज वाटते.

१४ डिसेंबर

डावा हात कोपरापर्यंत गेला. उजवा धड आहे. जपून वापरतो.

फोनची काच गेली, तृप्तीला लिहिता येत नाही. उषाबाईंनी त्यांच्या फोनवरून तिला सांगितलं की येऊ नका बाई. कारण सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. आता ती येणारच. नवऱ्याकडे येऊ नको असं परकी बाई सांगते म्हटल्यावर कोण थांबेल —

पळी आता स्वयंपाकघरात वाजते.

१५ डिसेंबर

तारा कापायला पक्कड शोधली. नत्थूने हात धरले, रक्त वाहून मराल म्हणाला. मी त्याला ढकललं. दोन तारा तुटल्या. तोंड उघडलं. शब्द नाही — जीभ मधोमध —

वाढ: काही नाही. प्रभू, काही नाही. मला पाळक व्हायचं नाही.

१६ डिसेंबर, दुपार

आली. भाऊ सोडून गाडी घेऊन परत गेला. मला बघून आधी ओरडली, मग रडली, आता माझ्यासमोर उंबऱ्यावर बसली आहे. पोट चांगलं दिसायला लागलंय. कळ थांबली म्हणते. आता तुम्हाला सोडून कुठे जात नाही म्हणते.

मी लिहून दाखवलं की आत्ता निघ. ती म्हणाली, जेवून मग बघू, सकाळपासून पोटात काही नाही.

सगळं सांगायला पानं लागतील. लिहितो आहे. तृप्ती, हे वाच. या घरात एक शब्द

आत्ता स्वयंपाकघरातून कोणीतरी विचारलं. बाईचा आवाज, गोड, आमच्या नगरकडचा वाटावा असा. वाढू का?

तृप्तीने डोळे पुसले. मला म्हणाली, उषाबाई किती करतात हो आपलं. आणि आत तोंड करून म्हणाली, हो, वाढा. दोन जिवांची आहे, जरा जास्तच वाढा.

उषाबाई तो शब्द म्हणत नाहीत. उषाबाई कधीच — तृप्ती इकडे बघ, वहीकडे बघ, आता मागितलंस तू, तुलाच म्हणता येईल, तोंडाने म्हण, पुरे म्हण, पोटावर हात ठेव आणि पुरे म्हण, मोठ्याने, पु