टेकाडाआडची गल्ली

३ नोव्हेंबर, सोमवार
घाटावरच्या टावरला नवीन मशीन बसली. येत्या सोमवारी सकाळी आठला रेडिओ सुरू — अन् पहिलं बोलणार कोण? आमची आम्रपाली! माझ्या नवनाथची लेक. सकाळपासून तीनदा चहा पिले, जिवाला थारा न्हाई.

आख्ख्या गल्लीला सांगून आले. भिमाबाईचं दार सोडून. नालीच्या पाण्यावरून नऊ वर्षं झाली तिच्याशी बोलणं बंद हाय. तिच्या दारापुढं जरा मोठ्यानं बोलले, एवढंच.

५ नोव्हेंबर
पोरगी दिवसभर घोकती — आहे, आहे, नाही, नाही. म्हणलं, हाय म्हणाया जीभ झिजती का गं?
"आजी, तिथं हाय चालत न्हाई."
हे सांगाया मात्र न्हाईच लागलं तिला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
नवनाथनं बीडहून रेडिओ आणला. लाल. टावरवरून चाचणीची गाणी लागलीत. उमापूरहून थोरल्या जावयाचा फोन — खणखणीत येतंय. नेकनूरला बी येतंय. आमच्याकडं नुसती खरखर, भजी तळल्यावाणी. पत्र्यावर नेला, गोठ्यात नेला, तार जोडली. काय बी न्हाई.
आम्रपाली म्हणली, "आपली गल्ली टेकाडाच्या आड येती, आजी."
एवढ्या मुलखात आमचीच गल्ली आड यावी!

८ नोव्हेंबर
एका घरात गाणं वाजतंय. ते घर उंचावर हाय.
भिमाबाईचं. मुद्दाम मोठ्यानं लावती बया.

९ नोव्हेंबर, रविवार
नेकनूरला धाकट्या लेकीकडं जाऊन ऐकावं, तर आजची गाडी गेली अन् उद्याची पहिलीच आठची. पोरगी रातच्या मुक्कामाला टावरकडं गेली. जाताना म्हणली, "ऐकशील ना?" म्हणलं, ऐकते की.
पण मेले तरी त्या ओट्यावर पाय ठेवणार न्हाई.

१० नोव्हेंबर, सोमवार
ठेवला.
भिमाबाईनं बसाया पोतं आधीच टाकलेलं होतं. आठ वाजले अन् पोरगी बोलली! सगळं आहे-नाही, एकदम झाक. एकदाच 'हाय' निसटलं. आमी दोघी एकदमच हसलो.
मग भिमाबाई म्हणली, "गोड आवाज हाय. तुझ्यावर गेली न्हाई."
उद्याचा चहा मी नेणार हाय. बिनसाखरेचा.