शिट्टी वाजली की हात वर

सिस्टर,

बारा तारखेला, सोमवारी, दुपारी साडेचार वाजता तुमच्यामुळे एका मुलीचा खेळ संपला. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, हे मला माहीत आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं शाळेत तुम्हीच शिकवलंत, तेही लक्षात आहे. तरी बोलते. तुम्ही जिवंत होतात तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती.

मुलगी माझी विद्यार्थिनी. जन्म दार-ए-सलामचा, आई तिथलीच, वडील रत्नागिरीकडचे, कामासाठी आधी तिकडे गेलेले आणि मग दुबईला आलेले. सहावीत माझ्या शाळेत आली तेव्हाच माझ्याहून वीतभर उंच होती. मुली तिला जिराफ म्हणायच्या. ती हसायची आणि त्यांच्या डोक्यांवरून बॉल रिंगमध्ये टाकायची. पुढे तीन देशांत पगारी बास्केटबॉल खेळली, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर पुन्हा उभी राहिली, आणि आईवडील थकले म्हणून इथल्याच एका क्लबात आली. दुबईतल्या अल मनखूलच्या माझ्या घरात अजून वाकूनच शिरते आणि चहाआधी फ्रीज उघडून पाहते.

मागच्या आठवड्यात मॅच होती. रिंगखालच्या गर्दीत समोरच्या टीममधल्या एका मुलीच्या नाकावर कोपर बसलं. कोपर कॅप्टनचं होतं, मी पहिल्या रांगेत बसले होते, माझा मोतीबिंदू काढून झालेला आहे. कॅप्टन म्हणजे क्लबच्या मॅनेजरची भाची. शिट्टी वाजली. कॅप्टन बुटाची नाडी बांधायला बसली. बाकी कुणी हलेना, रेफ्री एकेकीच्या तोंडाकडे पाहतोय, आणि आमच्या बाईसाहेबांनी हात वर केला. फाऊल माझा, असं कबूल करणारा हात हल्ली कुणी वर करत नाही. पण तो मी लांबूनही ओळखला असता. दंड सरळ, तळवा पुढे, नजर रेफ्रीवर. तुमचा हात, सिस्टर.

सोमवारी क्लबने बोलावलं तेव्हा मी तिच्याबरोबर गेले. मॅनेजरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मॅडम, आप कौन? मदर?"

"पीटी टीचर."

"पीटी टीचर!" तो शेजारच्या माणसाकडे बघून हसला. "हबीबी, लोग वकील लाते हैं."

मग कुणीतरी फोनवर घेतलेला व्हिडिओ दाखवला. त्यात कोपर दिसतच नाही, नुसत्या पाठी दिसतात. आणि पाठींच्या वर एक लांब हात. "खुद उठाया ना? खलास," तो म्हणाला. "अफ्रीकन प्लेयर्स का गेम थोडा रफ होता ही है." मी सांगितलं, तुमच्या भाचीला बोलवा, रफ म्हणजे काय ते ती करून दाखवेल. त्यावर त्याने खिडकीबाहेर पाहिलं. कॉन्ट्रॅक्ट रद्द. हरकत असेल तर खेळाडूने सही करून लेखी द्यावी, गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत. या वयात मारामारीचा ठपका घेऊन निघालेल्या मुलीला दुसरा क्लब दारात उभा करणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

लिफ्टमध्ये मी तिच्यावर ओरडले. "कशाला केलास हात वर? तुझा फाऊल होता का?"

"मिस, कुणीच करत नव्हतं. गेम थांबला होता."

"मग आता लिही तसं! कोपर कुणाचं होतं ते लिही!"

"शिट्टी वाजली की हात वर, आणि मग वाद नाही," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हीच सांगायचात ना, सिस्टर म्हणायच्या म्हणून? आता तो खाली कसा घेऊ?"

तुम्हाला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. चॅपलमागचं डांबरी कोर्ट. आंतरशालेय फायनल. राज्याच्या टीमसाठी मुली निवडणारे दोघे जण झाडाखाली सरबत पीत बसलेत. ट्रस्टींची मुलगी माझ्या शेजारून धावते आणि समोरच्या मुलीला दोन्ही हातांनी ढकलते. शिट्टी वाजते. रेफ्रीची आमच्याकडे पाठ होती, तो विचारतो, कोण? आणि कडेला उभ्या असलेल्या तुम्ही माझं नाव घेता. "हात वर, चाइल्ड. कुणीतरी करायलाच हवा." माझा तो पाचवा फाऊल. पाच झाले की बाहेर. मी बाकावर येऊन बसते, तोवर झाडाखालच्या दोघांनी माझ्या नावावर काट मारलेली असते. शाळा सोडताना तुम्ही गळ्यातली पितळी शिट्टी काढून माझ्या हातावर ठेवलीत. "गुड गर्ल." या दोन शब्दांवर मी सगळी नोकरी काढली, सिस्टर. तीच शिट्टी वाजवून इथल्या मुलींना तोच नियम शिकवला. त्याला शिस्त म्हटलं.

माझा प्रश्न एकच आहे. तो धक्का तुम्ही पाहिला होतात की नाही? नसेल पाहिला, असं मी आजवर धरून चालले. सोमवारी तो मॅनेजर खिडकीबाहेर पाहत होता, तेव्हा मला तुमची मान आठवली. माझं नाव घेताना तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हतात. ट्रस्टींच्या खुर्चीकडे पाहत होतात.

पाहिला होतात, तर तसं लिहून द्या. तुमच्या तिरप्या अक्षरात, एक ओळ पुरे. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल. मग ती सही करेल. गुरुवारी पाचच्या आत पाहिजे. तोंडी काही चालणार नाही, स्वप्नात वगैरे येऊ नका.

या पत्राला पत्ता नाही, म्हणून ते शिट्टीखाली ठेवते आहे. आणि एक सांगायला हवं. आत्ता हे लिहीत असताना खालच्या शाळेच्या ग्राउंडवर शिट्टी वाजली आणि माझं पेन जमिनीवर पडलं. घरात कुणी नव्हतं, सिस्टर. हात वर गेला होता.

गुरुवार. पाचच्या आत. लेखी.