चौकटीतलं सगळं मी केलं

चादरी भिजत घातल्या होत्या, दूध शेगडीवर होतं, आणि मी ओल्या फडक्याने खिडकीच्या काचा पुसत होते, कारण तुम्ही पाठवलेल्या एका पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं की आईने सकाळी उठून सगळ्यात आधी घरात उजेड आणावा. काचा पुसल्या, उजेड आला. त्या उजेडात दूध उतू जाताना अगदी स्वच्छ दिसलं. त्याच प्रकरणात लिहिणाऱ्या बाईंचंही दूध उतू जातं आणि त्यांना त्यात देवाच्या कृपेची विपुलता दिसते. मी बराच वेळ बघत उभी राहिले. मला शेगडीच दिसली.

पण वन्सं, हे असं मधूनच सुरू झालं आणि सलाम राहिला. तर तो. वन्संना धाकट्या भावजयीचा प्रभूच्या नावाने सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? (मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की देवदयेने उत्तम आहेत, आणि पुढच्याच ओळीत लिहिलंत की हल्ली जिना चढवत नाही. दोन्ही एकदम कसं, ते मी विचारत नाही. तुम्ही मोठ्या आहात.) माझी तब्येत बरी आहे. भूक लागते. तुमचा भाऊ गेल्यावर ती लागणार नाही असं मला वाटलं होतं, पण पोटाला कोणी कळवलेलं नसतं.

पुस्तकं पोचली, सगळी. आईचा विश्वास, आईचा संयम, आईची सकाळ, आईचं स्वयंपाकघर, असे सगळे विषय आले. तुमच्या चर्चमधल्या मंडळीच्या पुस्तकांच्या कपाटात आयांचा एक खण आहे आणि तो कित्येक वर्षं कोणी उघडत नाही, हे तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं. तेव्हा खण रिकामा करायचा होता की भावजयीला धीर द्यायचा होता, अशी एक शंका मनात येऊन गेली. ती मी लगेच प्रार्थनेत मांडली आणि सोडून दिली. (पूर्ण गेली नाही.) पण उपकार मानते. हे गेल्यापासून संध्याकाळी हातात धरायला काहीतरी लागतं, आणि विणकाम मला कधी आलं नाही.

मी शाळेत गेले नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. मंडळीत सगळे गात असताना गीतपुस्तकावर बोट ठेवायचं आणि आता जे ऐकू आलं ते अक्षर हे असावं, असं धरून चालायचं, अशी मी वाचायला शिकले. त्यामुळे अजूनही साधं वाक्य माझ्या मनात चालीवर जातं, आणि छापलेलं काही गाळून मला पुढे जाता येत नाही. कडवं गाळून गीत म्हणतं का कोणी? म्हणून मी पुस्तक उघडलं की छापखान्याच्या पत्त्यापासून वाचते. मागे बाईंचा फोटो आहे तोही नीट बघते. (इतके दात मी आयुष्यात एका वेळी कोणाला दाखवलेले नाहीत.) या सगळ्या पुस्तकांतला नवरा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी घरी येतो. सबंध दिवस त्याचा पत्ता नसतो, मुलं रडतात, भांडी पडतात, आणि शेवटच्या परिच्छेदात दार वाजतं. ती सोय मला फार आवडली. माझ्यासारख्या बायकांसाठीही एक प्रकरण आहे. दीड पानाचं, त्यातलं अर्धं पान फुलांचं चित्र.

तर प्रत्येक प्रकरणाखाली एक चौकट असते आणि तिच्यात लिहिलेलं असतं, आज हे करा. 'मूल लहान असेल तर करा' असं कुठेही लिहिलेलं नाही. मी दोनदा बघितलं. म्हणून मी केलं.

माझं मूल म्हणजे तुमचा भाचा. वय चौतीस, दारातून येताना खांदा तिरका करतो. एके काळी आपण त्याला घरातला रेडिओ म्हणायचो, आणि हे म्हणायचे, याला बंद करायचं बटण कुठे आहे ते देवालाच ठाऊक. ते बटण सापडलं. आता तो पंपघरातून येतो, जेवतो, ताट धुतो, प्रार्थनेला मान खाली घालतो, झोपतो. 'हो', 'नको' आणि 'उद्या सकाळपाळी' एवढ्यावर आमचं घर चालतं. कशामुळे ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही. त्या दिवशी तो पाळी बदलायला गेला तर हे खुर्चीत बसलेले, मान छातीवर. त्याला वाटलं, बाबांचा डोळा लागलाय. उठवायला नको म्हणून त्याने स्वतःच पंपांचे काटे बघितले, कुठे गळत होतं ते घट्ट केलं, आणि आवाज न करता शेजारी खोक्यावर बसून राहिला. हे केव्हाच गेलेले होते. शहराला पाणी नेहमीसारखं गेलं. आता यांची जागा त्याला मिळाली आहे, म्हणजे ती खुर्चीही. पंपघरात खुर्ची एकच आहे.

आता चौकटी. पहिलीत होतं, मुलाच्या डब्यात बायबलातल्या वचनाची चिठ्ठी ठेवा म्हणजे शाळेत त्याला एकटं वाटणार नाही. पहिल्या दिवशी मी चिठ्ठी जेवणावर ठेवली आणि त्याने ती खाल्ली. (तक्रार केली नाही. हल्ली तो काहीही खातो.) दुसऱ्या दिवसापासून मी ती झाकणाला आतून चिकटवू लागले. ती मुकादमांनी वाचली. पंपघराचे मुकादम म्हणजे यांचे जुने सोबती, तुम्ही मयतीच्या वेळी त्यांना बघितलंय, ते टक्कल पडलेले, सगळ्यांत मोठ्याने रडणारे. त्यांनी मंडळीचं दार कित्येक वर्षांत बघितलेलं नाही, पण आता डबा उघडायच्या वेळी ते चष्मा लावून हजर असतात. रागाविषयीचं वचन गेलं त्या दिवशी ते संध्याकाळी आमच्या दारात आले आणि म्हणाले, वहिनी, मला उद्देशून काही असेल तर तोंडावर सांगा, जेवणातून नको. मी म्हटलं, तुम्ही रागावता का? म्हणाले, अजिबात नाही, आणि दार आपटून गेले.

दुसरी चौकट, भिंतीवर मुलाची उंची मोजून खूण करा आणि त्याची वाढ बघून देवाचे आभार माना. मी स्टूल आणलं, पेन्सिल घेतली, आणि त्याला म्हटलं, भिंतीला टेकून उभा राहा. तो राहिला. मग म्हणाला, "आई, मी आता वाढणार नाही." त्या महिन्यातलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य. मी खूण केली आणि स्टुलावरून उतरल्यावर बघितलं तर ती मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा बरीच खाली आली होती. पोक आलंय, वन्सं, त्याच्या पाठीला. रोज जेवायला वाढते आणि दिसलं नव्हतं. आभार काय मानायचे ते सुचेना, म्हणून खूण खोडायला गेले तर भिंतीचा रंगच निघाला.

तिसरी चौकट सोनेरी चांदण्यांची. दुकानात चिकटवायच्या चांदण्या मिळतात, त्या आणाव्यात, कॅलेंडरवर सगळ्यांची नावं लिहावीत, आणि चांगलं काम केलं की नावापुढे एक लावावी. दुकानदाराने विचारलं, नातवासाठी का? मी म्हटलं, मुलासाठी, पंप चालवतो. त्याने चांदण्या गुपचूप दिल्या. ताट धुतलं, एक. नळ दुरुस्त केला, एक. मला वाटलं, तुमच्या भाच्याचं लक्षच नाही. एका सकाळी बघते तर माझ्या नावापुढे एक चांदणी. मी काय चांगलं केलं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलंही नाही.

घरच्या प्रार्थनेची चौकट मात्र अजून साधलेली नाही. तिच्यात लिहिलंय, मुलाला त्याच्या शब्दांत प्रार्थना करू द्या; तो करत असताना मध्ये बोलू नका, सुधारू नका. मी रोज माझी प्रार्थना संपवते आणि थांबते. तोही थांबतो. आम्ही दोघं डोळे मिटून इतका वेळ थांबतो की एकदा मी डोळे किलकिले करून बघितलं, तर त्यानेही केले होते. मग मीच आमेन म्हणते आणि उठते.

आता खरं काय झालं ते. मागच्या आठवड्यात तो डबा विसरला म्हणून मी पंपघरात गेले. हे गेल्यावर पहिल्यांदाच गेले. आतला आवाज तसाच आहे, दात आपोआप आवळले जातात. तो काट्यांसमोर उभा होता. खुर्ची मागे रिकामी, तिच्यावर कोणाचंतरी जाकीट. मी डबा खोक्यावर ठेवला तर मुकादमांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, वहिनी, तो बसत नाही. सबंध पाळी उभ्याने काढतो. मी दुसरी खुर्ची मागितली, मुकादम म्हणाले, पण ऑफिसवाले म्हणतात एकाला एकच. मी म्हटलं, सवय होईल. मुकादम म्हणाले, वर्ष होत आलं. आणि मग त्यांनी सांगितलं की वरच्या धरणाजवळ नवीन पंपघर झालंय, तिथे साहेबांनी त्याला विचारलंय, राहायला खोली आहे, येत्या शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. "तो नाही म्हणेल," मुकादम म्हणाले, "तुमच्यासाठी." मी म्हटलं, मग म्हणू दे की. ज्या माणसाला गप्प बसता येत नाही तो गप्प बसला की फार वाईट दिसतो.

घरी येईपर्यंत मी त्याने उभ्याने काढलेल्या पाळ्या मनात मोजत नव्हते, असं म्हणणार नाही. पण वन्सं, तो गेला तर घरात मी आणि कॅलेंडर. हे तुमच्याशिवाय कोणाला सांगू? पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणतील, प्रभू सोबत आहे. आहेच. पण तो ताट धूत नाही.

पुस्तकातलं शेवटचं प्रकरण मी वाचलेलं नाही. त्याचं नाव 'हात सोडताना' असं आहे. जन्मात पहिल्यांदा छापलेलं गाळलं.

असो. तिकडे सगळ्यांना सलाम सांगा. गुडघ्यांना शेक द्या. आणखी पुस्तकं पाठवू नका, पाठवायचीच असली तर आजारी माणसांच्या खणातली पाठवा, त्यांत चौकटी नसतात असं ऐकलंय.

तुमची,
भावजय

ता. क. ज्यासाठी एवढं लिहिलं ते राहिलंच. शुक्रवारी संध्याकाळी त्याला फोन करा आणि सांगा की जाऊ नकोस. आत्याचा शब्द त्याने कधी मोडलेला नाही. मी सांगितलं म्हणू नका. खोटं बोलायला लावत नाही, फक्त आईला आता एकटीला जमत नाही एवढं म्हणा.

ता. क. दुसरा. वर तब्येत बरी आहे असं लिहिलंय ते फोनवर विसरा.

ता. क. तिसरा, आणि हा आज लिहितेय. फोन करू नका. काल पत्र पाकिटात घालायचं होतं तोवर प्रार्थनेची वेळ झाली. मी माझी संपवली आणि नेहमीसारखी थांबले. आणि तो बोलला, वन्सं. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, पाठ झालेलं म्हणावं तसं. "प्रभू, मला त्या खोलीत उभं राहवत नाही. मला धरणावर जायचंय. आईला कसं सांगू ते कळत नाही, तूच सांग." मी समोर बसलेली. मध्ये बोलायचं नाही असं छापलेलं, आणि त्याने विचारलंही मला नव्हतं. मी जीभ दातांत धरून बसले. त्याचं संपलं, आणि कुणाचीही प्रार्थना संपली की जे येतं ते माझ्या तोंडून आलं. आमेन.

त्याने डोळे उघडले. "आमेन म्हणालीस?"

"सवयीने गेलं."

"मग परत घेतेस?"

तसंच होवो असं देवासमोर म्हणून झाल्यावर ते परत कसं घ्यायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही, आणि तुम्हाला विचारलं असतं तर तुम्हीही घेता येत नाही म्हणाल्या असतात. मी म्हटलं, "नाही घेता येत." मग त्याने मला धरणाविषयी सांगायला सुरुवात केली. पंप किती मोठे, पाणी कुठून येतं, खोलीला खिडकी कुठे आहे. जेवण गार झालं तरी थांबला नाही. मी ऐकत होते. काही कळलं, बरंचसं नाही.

आज सकाळी मी माळ्यावरून मोठी बॅग काढली, पुसली, आणि त्याचे शर्ट इस्त्री करून तिच्यात भरले.