बाटली वहिनीच्या हातची

१२ मे
कट्टा गावच्या दुकानातून फोन. तिथून नेलेली, वहिनीने केलेल्या कोकम सरबताची बाटली सावंतवाडीत एका गिऱ्हाईकाच्या हातात फुटली. मीनाक्षीताई, शिवणकाम करतात. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. दादा जहाजावर, फोन लागत नाही. जेवलो नाही.

१३ मे
कारण वहिनीनेच शोधलं. मुंबईकरांना गोड कमी हवं, म्हणून यंदा साखर कमी. घरात आपण अशा बाटलीचं झाकण सैल ठेवतो, हवा जाऊ देतो. ही विकायची म्हणून बूच घट्ट. साखर कमी, म्हणून आत आंबून फसफसलं. सगळ्या दुकानांतून बाटल्या तिने परत आणल्या. तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं.

१४ मे
वकिलांकडे. लेबलावर छापलंय, 'नुकसानीची जबाबदारी बाटलीच्या किमतीपुरती'. वकील हसले. "शरीराला इजा झाली की ही ओळ टिकत नाही." विमा आहे, पण त्यालाही मर्यादा, वरचं आपल्यावर. शिवाय ताकीद : विमा कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही, नाहीतर ते हात वर करतील. मी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. वहिनीनेही ऐकलं.

१५ मे
सावंतवाडी. एसटीत वहिनीला बजावलं, नुसती चौकशी करायची. "होय ओ भावजी."
मीनाक्षीताईंच्या खाटेजवळ बसली, बँडेज पाहिलं नि झालं. "बाय, बोटां हलतत मां? चूक माजी आसा. साखर मी कमी घातलंय."
मीनाक्षीताई म्हणाल्या, "मगे आता माजे ब्लाउज तू शिवतलंस?"
"शिवतलंय. पण तुजी गिऱ्हाईकां पळतली."
दोघी हसल्या. मला घाम. परतीच्या एसटीत वेगळ्या बाकावर बसलो. राग होता. पण एवढं धाडस मी जन्मात...

२१ मे
विम्याचे सर्व्हेअर चौकशीला घरी आले. भला माणूस. "तुम्ही नुसती विचारपूस केलीत, असं लिहू ना?" वाटच काढून देत होते. मी मान डोलावणार, तेवढ्यात वहिनी शुद्ध मराठीत, "नाही. चूक माझी, असं म्हटलं. तसंच लिहा."
पेन थांबलं. मग लिहिलं. कंपनी काय ठरवेल, सांगता येत नाही म्हणाले.
वहिनीसारखं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.
ते गेल्यावर तिचा आवाज बारीक झाला. "भावजी, विमो नाय म्हणालो तर?"
म्हटलं, "मगे आपण दोघां मिळान भरुया."
पैसे कुठून आणायचे, ते अजून ठाऊक नाही.